पायगुण

“कोरड्या फडक्यानं घासायचं नाही बरं का. आधी पाणी, मग फडकं, आणि हात हलका ठेवायचा. लहान लेकराचं अंग पुसतो ना आपण, तसं.”

सोलरवाल्याने एका प्लेटेवर करून दाखवलं आणि कमरेवर हात ठेवून छपरावरून खाली पाहिलं. नव्या दवाखान्याच्या अंगणात सगळी वस्ती माना वर करून उभी होती.

“रोज सकाळी करावं लागेल हे. कोण करणार?”

वस्तीच्या म्होरक्याने फार विचार केला नाही. “आमची थोरली करेल. तिच्या मागं लेकरूबाळ नाही. वेळच वेळ आहे तिला.”

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. थोरलीच्या सासूने मान डोलावली. नवरा दुसरीकडे बघत राहिला. थोरली गर्दीतून पुढे झाली, पदर खोचून शिडी चढली आणि तिने सोलरवाल्याच्या हातातून ओलं फडकं घेतलं. काचेवरून तिचा हात असा काही फिरला की सोलरवाला म्हणाला, “वा! तुम्हाला शिकवायलाच नको.”

शिकवायला नकोच होतं. तिची लेक मनी चार वर्षांची होऊन वारली होती आणि त्याला अजून दोन उन्हाळेही झाले नव्हते.

वस्ती डोंगराच्या पाठीवर होती. खालच्या गावातून विजेचे खांब नदीपर्यंत आले होते आणि तिथेच थांबले होते, जणू पलीकडे कुणी राहतं हे त्यांना सांगायचंच राहून गेलं होतं. खालचे लोक यांना ‘डोंगरातले’ म्हणत, आणि तो शब्द अर्धी शिवी असल्यासारखा उच्चारत. बाजाराला उतरलं तर हे लोक आपसात आपल्या बोलीत बोलायचेही नाहीत, दुकानदार हसायचे.

मनीची छाती भरली तेव्हा नवऱ्याने तिला झोळीत घालून पाठीला बांधलं आणि दोघं डोंगर उतरायला लागले. थोरली मागून चालत होती. झोळीतून बाहेर आलेला मनीचा पाय तिला दिसत होता. नदीशी पोचायच्या आतच तो पाय वेगळा हलायला लागला, चालण्याच्या झोक्याने हलतो तसा नुसता. थोरलीला कळलं. नवऱ्यालाही कळलं असणार, कारण त्याच्या पाठीला मघापासून लागणारी तिची धाप थांबली होती. पण तो काही थांबला नाही. नदी ओलांडून, गावातून, थेट दवाखान्यापर्यंत तो तसाच चालत गेला. तिथल्या कंपाउंडरने झोळी उघडून बघितली आणि म्हणाला, “तुम्ही डोंगरातले लोक वेळेवर कधी आणतच नाही.”

मग हे सगळं आलं. कुठल्याशा संस्थेची माणसं आली, मोजमापं झाली, वस्तीतल्याच बायाबापड्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या आणि दोन खोल्यांचा दवाखाना उभा राहिला. छपरावर प्लेटा, आत औषधांचा फ्रीज, बॅटऱ्यांची मोठी पेटी आणि ट्रंकेएवढं एक यंत्र. वस्तीत राहायला म्हणून एक सिस्टर आली. तिने पहिल्याच दिवशी ते यंत्र सुरू करून दाखवलं. हे हवेतनं ऑक्सिजन वेगळा काढतं, ती म्हणाली, आणि छाती भरलेल्या लेकराला नाकातून देतं. तिने थोरलीच्या तळहातावर ती नळी धरली. गार, बारीक झुळूक आली.

थोरलीने मूठ मिटून घेतली. एवढंच लागत होतं? एवढीशी फुंकर?

त्या दिवशी बाकीच्यांना आनंद झाला. संध्याकाळी दवाखान्यातला दिवा लावला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीच्या जावेने, धाकटीने, आपल्या कडेवरच्या ढब्बूला उंच धरलं. ढब्बूने दिव्याला फूऽ केलं. विझेना म्हणून पुन्हा फूऽ केलं आणि मग रुसून आईच्या मानेत तोंड खुपसलं. सगळे पोट धरून हसले. थोरलीही हसली. तिच्या पोटात मात्र कुणी ओली मिरची वाटावी तशी आग आग होत होती.

“पायगुणाचा हो माझा नातू,” सासू म्हणाली. “जन्मला काय आणि वर्षाच्या आत घरात-दारात उजेड आला.”

पायगुण. थोरलीने तो शब्द घरी नेला आणि जेवताना, झोपताना, सकाळी शिडी चढताना चघळला. ढब्बू पायगुणाचा. मग मनी कशाची होती? मनी गेली त्याच उन्हाळ्यात धाकटी पोटुशी होती. मनीच्या मागे चार-पाच महिन्यांत हा जन्मला, गुटगुटीत, टरबुजासारखा. आईच्या पोटात बसून तो नेमकी वेळ गाठून आला होता. मनीला थोडं थांबता आलं नाही आणि हा घाई न करता आला, म्हणून दिवे याचे, फ्रीज याचा, सिस्टर याची. टोचायला सुई घेऊन सिस्टर स्वतः दारात येई. मनीच्या वेळेला सुई टोचून घ्यायला दिवसभर चालावं लागे.

धाकटी वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं. ती थोरलीचा मान राखी, पहिली भाकरी तिच्या ताटात वाढी, ‘जाऊबाई, जाऊबाई’ करत मागे फिरे. ढब्बू चालायला लागला तेव्हा तीच म्हणाली, “बघा ना जाऊबाई, तुमच्याकडेच येतोय.” थोरलीला त्याच वेळी काहीतरी काम आठवलं आणि ती आत निघून गेली.

एकदा ती पाण्याहून आली तर अंगणात घर्रघर्र आवाज येत होता. ढब्बू लाकडी गाडी ओढत होता. गाडी मनीची होती. थोरलीच्या नवऱ्याने मनीसाठी केलेली, एक चाक तुटलेलं होतं म्हणून माळ्यावर टाकलेली. आता तिला नवं चाक लागलं होतं, आणि नवरा उकिडवा बसून ढब्बूला “इकडं, इकडं आण” म्हणत होता. इतका मोकळा आवाज तिने त्याच्या तोंडून किती दिवसांत ऐकला नव्हता.

त्याला एकट्याला गाठून ती म्हणाली, “मला विचारायचं तरी.”

“पडून राहून काय होणार होतं तिचं? वाळवी लागली असती.”

“लागू द्यायची होती.”

“असं काय बोलतेस? आपलंच पोर आहे ना तेही.”

“तुमचं असेल.”

तो गप्प झाला. त्याचं ते गप्प होणं तिला पाठ होतं. मनीबद्दल तो एक शब्द बोलत नसे. नावही घेत नसे. तिला वाटे, हा विसरला. पुरुषाचं बरं असतं, एक गाडी दुरुस्त केली की झालं.

सासूच्या लक्षात सगळं येत होतं. ती म्हातारी थोरलीसमोर ढब्बूला फार नाचवत नसे. थोरली आली की हळूच त्याच्या अंगावर टॉवेल ओढी. एकदा थोरलीने ऐकलं, सासू धाकटीला सांगत होती, “तिच्यासमोर त्याला भरवत जाऊ नको. ती काही मुद्दाम करत नाही बिचारी, पण नजर ती नजर.”

धाकटी फटकन म्हणाली, “काहीतरीच काय बोलता! जाऊबाईंची नजर कशी लागेल?”

थोरलीला सासूचा राग आला नाही. धाकटीचा आला.

पुढचा उन्हाळा कडक निघाला. समोरच्या डोंगरावरचं गवत पेटलं आणि आठवडाभर विझलंच नाही. दिवसा धूर, आणि वरून राख. राख पांढरी, हलकी, न बोलावता येणारी. भांड्यांवर, केसांवर, पापण्यांवर बसे. वस्तीतली सगळी पोरं खोकायला लागली. सिस्टरचं अंगण सकाळपासून भरलेलं असे. थोरली दिवसातून तीन-तीनदा छपरावर जाई. पुसून उतरेपर्यंत प्लेटांवर पुन्हा साय धरलेली असे. सूर्य तांबडा झाला होता. उघड्या डोळ्यांनी खुशाल बघावा, असा मवाळ.

अशात एका सकाळी ती प्लेटा पुसत असताना तिने खालच्या पायवाटेवर धाकटीला पळत येताना पाहिलं. धाकटी कधी पळत नसे. तिच्या खांद्यावर ढब्बूचं डोकं होतं आणि तो रडत नव्हता.

थोरली शिडी उतरून दारात पोचली तेव्हा सिस्टरने त्याचा सदरा वर केला होता. बरगड्यांच्या खाली, प्रत्येक श्वासाला, पोटात खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. थोरलीला पुढे बघायची गरज नव्हती. पुढचं सगळं तिला माहीत होतं.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे: माझीच नजर लागली.

आणि लगेच पाठोपाठ, तितकंच स्पष्ट: आता कळेल.

सिस्टरने त्याच्या बोटाला चिमटा लावून आकडा बघितला आणि काही न बोलता यंत्र सुरू केलं. नळीची दोन टोकं त्याच्या नाकात बसवली. इंजेक्शन दिलं. मग फोन घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे रेंज लागे तिथे, जाऊन डॉक्टरांशी बोलली. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“खाली न्यायला हवं होतं. पण खालच्या वाटेवर आग आलीय. डॉक्टर म्हणतात, विझेपर्यंत इथंच ठेवा, ऑक्सिजन थांबू देऊ नका.”

“मग नाही थांबायचा,” धाकटी म्हणाली. “यंत्र आहे ना.”

सिस्टरने बॅटरीच्या पेटीकडे पाहिलं. हिरवा दिवा गेला होता, पिवळा लागला होता. आठवडाभर धड ऊनच नव्हतं, पेटी भरणार कुठून? तिने फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, लोकांनी चार्जिंगला लावलेले फोन उपटून काढले. जी काही वीज छपरावरून उतरेल ती सगळी आता त्या यंत्राला हवी होती.

“थोरलीबाई,” ती म्हणाली, “आज तुम्ही खाली उतरू नका. काच जराही झाकली जाता कामा नये. राख पडली की पुसा. ऊन आहे तोवर पुसतच राहा. येवढं कराल?”

थोरलीने बादली भरली आणि ती वर गेली.

पुसायला काय, ती पुसत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावं, वळावं, तर पहिल्या प्लेटेवर पुन्हा राख. पत्रा तापला होता. तळपाय पोळत होते. खालून यंत्राची घरघर येत होती आणि त्या घरघरीच्या आत धाकटीचा आवाज: “माझा राजा, माझं सोनं, घे रे श्वास, घे.” दारात माणसं जमली होती. थोरलीचा नवरा चौकटीला धरून उभा होता. तिला वरून त्याचं डोकं दिसत होतं, आणि खांदे. खांदे हलत होते.

तो रडत होता.

मनीला पुरून आल्यावर तो रडला नव्हता. अंघोळ करून लाकडं फोडायला बसला होता. थोरलीने त्या रात्री त्याच्याकडे पाठ केली, ती अजून पुरती वळवली नव्हती. आणि आता भावाच्या पोरासाठी सगळ्या वस्तीसमोर त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

तिचा हात थांबला.

तिने ठरवून काही केलं नाही. फडकं बादलीत टाकलं आणि ती छपराच्या कडेला बसली. ढब्बू मरावा असं तिला वाटत नव्हतं, देवाशपथ नव्हतं. तिला फक्त वाटत होतं की यंत्र एकदा अडखळावं. एकदाच. धाकटीचा तो ‘माझा राजा’ घशात अडकावा. तिने झोळीतल्या पायाकडे बघत चालावं, थोडंच, नदीपर्यंत. मग हवं तर सगळं परत मिळू दे तिला.

माझ्या लेकराच्या वेळेला कोण पुसत होतं काच?

राख पडत राहिली. काळ्या काचेवर ती किती सुबक दिसत होती. आधी ठिपके, मग ठिपक्यांची जाळी, मग नुसता करडा पडदा. खालची घरघर बदलली. यंत्राने बारीक शिट्टीसारखा आवाज काढला, थांबला, पुन्हा काढला. थोरलीने ऐकलं आणि ती उठली नाही.

शिडी करकरली. वर आलेलं डोकं धाकटीचं होतं.

धाकटी छपरावर आली आणि उभी राहिली. तिने प्लेटांकडे पाहिलं. त्यांच्यावर राखेचा सारखा थर होता, कुठे फडक्याचा माग नव्हता. मग तिने बादलीकडे पाहिलं, आणि मग कडेला बसलेल्या जावेकडे. थोरलीने तिच्या नजरेला नजर दिली. वाटलं, आता ही ओरडेल. खालची सगळी वस्ती ऐकेल. म्हातारीचं बोलणं खरं ठरेल. होऊ दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

धाकटीने पदर खोचला, बादलीत हात घालून फडकं पिळलं आणि पहिल्या प्लेटेशी वाकली.

“हात जड मारू नकोस,” थोरलीच्या तोंडून निघून गेलं. “चरे पडतात.”

“बरं.”

धाकटी पुसत राहिली. पाठ वळवूनच ती म्हणाली, “तुम्ही खाली जा. त्याच्यापाशी बसा.”

“माझ्यापाशी सोडतेस त्याला? आता?”

“मग कुणापाशी सोडू?”

“तुला दिसलं ना मी काय केलं ते?”

“दिसलं.” धाकटी पुढच्या प्लेटेकडे सरकली. “तुमच्या जागी मी असते तर आज शिडी चढलेच नसते. जा आता. तिथं बसून नुसतं बघत राहण्यापेक्षा मला हे बरं आहे. हाताला काम तरी आहे.”

थोरली कडेवरून उठली. ती उतरली.

आत सिस्टरने काही न विचारता तिला खाटेपाशी जागा करून दिली. ढब्बूचे डोळे अर्धे मिटलेले होते. ओठांवर शाई सांडल्यासारखी निळी कड होती. थोरलीने त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि आत ते छोटं इंजिन जिवाच्या आकांताने धावताना तिला कळलं. यंत्राची शिट्टी अजून मधूनमधून येत होती. मग ती लांबली, एका सुरात वाजली आणि बंद झाली. घरघर पुन्हा एकसारखी लागली. वर छपरावर पावलं वाजत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

नवरा दारातून आत आला आणि भिंतीला टेकून बसला.

“मनीचे ओठ पण असेच झाले होते,” तो म्हणाला.

थोरलीने मान वर केली नाही. ते नाव त्याच्या तोंडून ऐकायला ती इतके दिवस थांबली होती, आणि आलं ते असं.

“तुम्हाला कुठून दिसले? तुमच्या तर पाठीवर होती.”

“नदीशी पाणी पाजायला उतरवली ना तिला. तू मागं होतीस.” तो थांबला. “तेव्हा होती ती. तुला बघून हसली असती. मी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं. मला वाटलं, लवकर जावं.”

थोरलीला हे माहीत नव्हतं. नदीच्या आधीच पाय तसा हलायला लागला होता, असं तिने धरून ठेवलं होतं. तिने पाहिलं होतं ते बरोबर की त्याने पाहिलं होतं ते, हे आता कुणाला विचारणार? तो खोटं बोलत असेल तर तिच्यासाठीच बोलत होता. ढब्बूने झोपेत तिचं बोट धरलं होतं. तिने ते सोडवून घेतलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही.

दुपार कलली तशी वाऱ्याने दिशा बदलली. राख कमी झाली. धाकटीच्या जोडीला तिचा नवरा छपरावर गेला, मग म्होरक्याही गेला. ऊन उतरता उतरता सिस्टरने आकडा बघितला, चिमटा काढून पुन्हा लावला, पुन्हा बघितला आणि एकदम हसली. ढब्बूच्या ओठांची कड पुसट झाली होती. पोटातला खड्डा उथळ झाला होता. त्याने डोळे उघडले, अनोळखी माणसाकडे बघावं तसं थोरलीकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “पाणी.”

खोलीत गलका झाला. सासूने खाटेच्या पायाला डोकं टेकवलं. धाकटी शिडीवरून जवळजवळ पडतच उतरली आणि तिने त्याला नळीसकट उराशी धरलं. थोरली उठली, गर्दीतून वाट काढत दवाखान्याच्या मागे गेली आणि भिंतीला कपाळ लावून रडली. सिस्टर तिला शोधत आली. “अहो, वाचला आता तो,” ती पाठीवर हात फिरवत म्हणाली, “रडा, रडा, आनंदाचं रडू चांगलं असतं.” थोरलीने मान हलवली. ते रडू आनंदाचं नव्हतं, हे तिचं तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी आग विझली, डॉक्टर चढून आले, ढब्बू आठवड्यात हिंडायला-फिरायला लागला. पुढे आलेल्या-गेलेल्याला वस्तीतले लोक त्याला दाखवत: “हाच तो. मेला होता म्हणा ना.” त्याच्या पायगुणाची कीर्ती आणखी वाढली. छपरावर काय झालं ते धाकटी कुणाला बोलली नाही. नवऱ्यालाही नाही, हे थोरलीला त्याच्या वागण्यावरून कळत होतं. पहिली भाकरी थोरलीच्या ताटात पडत होती तशी पडत राहिली. थोरली काच पुसत राहिली. जळणं संपलं असं काही झालं नाही. ढब्बू हसला की अजून कुठेतरी चिमटा बसे. फक्त आता ती आत निघून जात नसे. बसे तिथेच.

पाऊसकाळ सरल्यावर एक दिवस पलीकडच्या डोंगरावरून एक बाई आली. तिकडे अजून काही पोचलेलं नव्हतं. दिवे नाहीत, सिस्टर नाही. तिकडच्या लोकांनी आता इकडे यायला सुरुवात केली होती. बाई एकटीच होती. पाठीला बांधलेलं पोर तिने सोडून सिस्टरच्या पुढ्यात ठेवलं आणि घाईघाईने सांगायला लागली: परवापासून खोकला, काल रात्री धाप, पहाटेच निघाले, वाटेत कुठे बसले नाही, आता निजलंय. सिस्टरने पोराच्या छातीला हात लावला. मग तपासायची नळी कानाला लावून ऐकलं. ऐकतच राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. यंत्राकडे तिचा हात गेलाच नाही.

“यंत्र लावा ना,” बाई म्हणाली. “तुमच्याकडे आहे म्हणतात.”

सिस्टरने तिचे दोन्ही हात धरले.

बाई ओरडली नाही. ती जमिनीवर बसली, पोराला मांडीवर घेतलं, त्याचं टोपडं नीट केलं. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो द्यावा की नाही तिला कळेना. आणि तेवढ्यात बाहेर अंगणात ढब्बूने पत्र्याच्या डब्यावर काठी बडवायला सुरुवात केली. ठण्, ठण्, ठण्, आणि प्रत्येक ठोक्यामागे त्याचं ते भसाडं, दिलखुलास हसू.

बाईने मान वर केली आणि उघड्या दारातून त्याच्याकडे पाहिलं.

धाकटी जागच्या जागी थिजली. पोराला हाक मारावी तर ‘माझं आहे’ असं सांगितल्यासारखं होणार, न मारावी तर ते हसतच राहणार. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखी शरम पसरली. सिस्टर बाईशी काहीतरी हळू आवाजात बोलत होती. ती बाई ऐकत नव्हती. ती बघत होती, अंगणातल्या त्या गुटगुटीत पोराच्या पोटरीपासून केसांपर्यंत, सगळं.

खोलीत एकट्या थोरलीला त्या नजरेचा अर्थ माहीत होता. आणि त्या नजरेखाली काय काय जळतं, तेही.

ती उठली. बाईच्या समोरून न जाता मागच्या दाराने बाहेर पडली, अंगणाला वळसा घातला आणि ढब्बूला पाठीमागून उचललं. काठी खाली पडली. तो हसला, पाय झाडायला लागला, “मोठीआई, सोड!” तिने त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि झपाझप उतारावर चालत गेली. घरांच्या पलीकडे, बांधाच्या आड, जिथून दवाखाना दिसत नाही आणि आवाज पोचत नाही तिथे, ती खाली बसली. त्याला तिने मांडीवर घेतलं. तो चांगलाच जड झाला होता.

“का?” ढब्बूने विचारलं.

“शूऽ.”

“लपाछपी?”

थोरलीने मान डोलावली. ढब्बूने लगेच दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकून घेतले आणि तिच्या अंगाला अंग चिकटवून तो शहाण्यासारखा गप्प बसला. वरून, वाऱ्याबरोबर, उशिरा का होईना, त्या बाईचा पहिला हंबरडा ऐकू आला. थोरलीने त्याच्या हातांवरून हात नेऊन त्याचे कान झाकले.

थोड्या वेळाने त्याने बोटांच्या फटीतून पाहिलं.

“आता?”

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.”